हात गेला, हिशेब मिटला?

दसरा ते दिवाळी हा वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीचा काळ. सोंगणी उरकलेली असते, शेताशेतांत सुड्या रचलेल्या असतात आणि परतीचा पाऊस केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. मळणी यंत्र ज्या रात्री दारी येईल त्या रात्री मळणी करावी लागते; दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावाला गेलेले असते. ट्रॅक्टरच्या जोरावर फिरणाऱ्या त्या यंत्राच्या तोंडाशी एक मजूर उभा राहतो आणि पेंढ्यामागून पेंढ्या आत लोटत असतो. मजुरी पोत्यामागे ठरलेली, म्हणून सगळ्यांनाच घाई. डोळ्यांत धुराळा, अंगात दोन रात्रींचे जागरण, ट्रॅक्टरच्या दिव्याचा जेमतेम उजेड. पेंढीबरोबर आत गेलेली बोटे, मानेवरून सुटलेला रुमाल, एखाद्या बाईच्या पदराचे टोक आणि सोयाबीनचा पाला यांतला फरक यंत्राला कळत नाही.

अपघातानंतरचा क्रम गावोगावी जवळपास सारखा असतो. जखमीला वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून बहुधा अकोल्याला हलवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा खर्च यंत्रमालक किंवा शेतकरी करतो, आणि पुष्कळदा मनापासून करतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे गावातली चार प्रतिष्ठित माणसे बसतात. दवाखान्याचा खर्च आणि वर काही हजार रुपये असा आकडा निघतो, यापुढे आपली काही तक्रार नाही असा कागद होतो, आणि ज्याचा उजवा अंगठा यंत्राने नेला त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा त्या कागदावर उमटतो. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून देण्याचा असा कोणताही करार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या सतराव्या कलमाने रद्दबातल ठरविला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला आणि ती तरतूद संहितेतही आहे. शंभर वर्षे रद्दबातल असलेला हा कागद खेड्यांत मात्र शंभर वर्षे बिनबोभाट चालतो आहे.

तथापि आमचे म्हणणे केवळ भरपाई बुडते एवढेच नाही. ती पुरी मिळाली तरी प्रश्न सुटत नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. ज्या माणसाने कालपर्यंत आपल्या हातांनी घर चालविले त्याला उद्या कोणते काम मिळणार, हे विचारणारा माणूस आपल्या व्यवस्थेत नेमलेलाच नाही. डॉक्टर जखम पाहतात, न्यायालय रक्कम पाहते, तहसील कार्यालय दाखला पाहते.

हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा भरवून जे मागणीपत्र तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, कारण त्या यथावकाश पदरात पडल्या. त्याच पत्रात आणखी एक मागणी होती आणि तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. काम करताना जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू झाला त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती. लोखंड्यांनी उपजीविका हा विषय मांडला होता; आकडा मांडला नव्हता. पुढे चाळीस वर्षांनी जो कायदा आला त्याने उपजीविका बाजूला ठेवली आणि आकडा तेवढा उचलला. पूर्ण पगाराचेही अर्धेच झाले: तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण निम्मा पगार. १८८४ ची मागणी आजही थकबाकीत आहे.

या कायद्याला जोडलेला तक्ता एकदा वाचून पाहावा. तो माणसाच्या शरीराचा दरफलक आहे. मनगटापासून हात गेला तर ६० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, अंगठा गेला तर ३०, दुसरा डोळा शाबूत असताना एक गेला तर ४०. या टक्केवारीला वेतनाने आणि वयाच्या गुणकाने गुणायचे. तीस वर्षांच्या, महिना ९,००० रुपये मजुरी मिळविणाऱ्या माणसाचा हात मनगटापासून गेला, तर हिशेब सुमारे ६ लाख ७४ हजारांचा होतो. त्याच यंत्रावर, त्याच रात्री, त्याच वयाच्या बाईचा हात गेला आणि तिची मजुरी महिना ६,००० धरली, तर तिच्या हाताची किंमत साडेचार लाखांच्या आतच भरते. हात तोच, यंत्र तेच, आणि कायद्याच्या दृष्टीने बाईचा हात सव्वादोन लाखांनी स्वस्त. आयुष्यभर कमी मजुरी देऊन केलेला अन्याय अपघातानंतर पुन्हा एकदा, आणि तोही एकरकमी, वसूल केला जातो. शिवाय त्याच हाताने ती भाकरी थापत होती, पाणी भरत होती, मूल न्हाऊ घालत होती. त्या कामाला तक्त्यात रकाना नाही.

बाजार समितीच्या आवारातील हमालाची तर याहून विचित्र गत. वीस-पंचवीस वर्षे पाठीवर पोती वाहून मणका सरकला, गुडघे गेले, तर तक्त्यात त्याला जागा नाही. कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरने ठरवायचे. पण पोते उचलून थप्पीच्या अकराव्या थरावर टाकणे म्हणजे काय, हे त्या डॉक्टरने पाहिलेले असेलच असे नाही. त्याला ‘हलके काम करावे’ असे कागदावर लिहून देता येते. आवारात हलके काम कोणते, ते कोण देणार, आणि त्याची मजुरी किती, हे त्या कागदावर नसते. हमाल तो कागद खिशात घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली वाकतो किंवा घरी बसतो.

न्यायालयांना या गोष्टीतले मर्म कळले नाही असे नव्हे. सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून तोडावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात निर्णय दिला की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सुतार म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण आहे आणि भरपाईही संपूर्ण द्यावी. हा निर्णय थोर आहे. मळणीच्या मजुराला तो लागू केला तर वरच्या उदाहरणातले ६ लाख ७४ हजार ११ लाख २३ हजार होतात. आमच्या तालुक्यांत किती दाव्यांत हे कोणी मांडले, हा प्रश्न आम्ही आमच्या वकील मित्रांनाही विचारीत आहोत. परंतु या निर्णयातल्या तर्काची पुढची पायरी कायदा चढत नाही. सुतार म्हणून जो शंभर टक्के निकामी झाला, तो माणूस म्हणून शंभर टक्के निकामी झालेला नसतो. त्याला दुसरे काय करता येईल, ते शिकविण्याचा भार कोणावर, आणि शिकल्यावर त्याला कामावर घेण्याचे बंधन कोणावर? येथे कायदा खिशातून पैसे काढून देतो आणि तोंड फिरवितो.

असे बंधन आपल्या देशात कोठेच नाही असे मात्र नाही; ते सरकारने स्वतःपुरते घालून घेतले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमाने आणि आता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या विसाव्या कलमाने सांगितले आहे की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, खालच्या दर्जावर नेता येणार नाही. तो जुन्या कामाला अपात्र ठरला तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे, ते नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. एस. टी.च्या चालकाची नजर अधू झाली तर त्याला आगारात दुसरे काम मागता येते. त्याच रस्त्यावर सोयाबीनची पोती वाहणाऱ्या खासगी मालमोटारीच्या चालकाला मालक सांगतो, उद्यापासून येऊ नको. दोघांचे डोळे सारखे, रस्ता एकच. फरक एवढाच की ते कलम फक्त शासकीय आस्थापनांना लागू आहे. जे न्याय्य आहे असे संसदेला सरकारी कर्मचाऱ्याबाबत पटले, ते खासगी मालकाच्या नोकराबाबत का पटू नये? समानतेची भाषा करणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे. जाता जाता एवढेच म्हणतो की ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ शब्द आला याचा आम्हाला राग नाही. शब्द बदलताना कलमाची व्याप्ती बदलायची राहून गेली, त्याचा आहे.

कामगार राज्य विम्याकडे वळावे तर तेथेही तसेच. १९४८ च्या त्या कायद्यात एकोणिसावे कलम होते: जखमी वा अपंग झालेल्या विमेदार कामगारांचे पुनर्वसन आणि त्यांना पुन्हा काम मिळवून देणे यासाठी महामंडळ उपाययोजना करू शकेल. ‘करू शकेल’, ‘करील’ नव्हे. मालकाकडून वर्गणी वसूल करायची वेळ येते तेव्हा कायद्याचे क्रियापद किती खणखणीत असते आणि कामगाराला परत उभे करायची वेळ येते तेव्हा ते किती सौम्य होते, हे पाहण्याजोगे आहे. आणि हे सौम्य क्रियापदसुद्धा वाशीमच्या वाट्याला फारसे येत नाही. जेथून शकुंतला रेल्वेने कापूस मूर्तिजापूरकडे आणि तेथून विलायतेकडे जात असे, त्या कारंज्याच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग हा जुना यांत्रिक धंदा. रेच्यात बोटे जाणे, गाठी बांधताना हात चिरडणे हे त्यातले नेहमीचे भय. पण केवळ सरकी काढणारा व गाठी बांधणारा कारखाना विम्याच्या कायद्याने ‘हंगामी’ ठरविला आणि योजनेतून वगळला. नव्या संहितेनेही हंगामी कारखान्यांना बाहेरच ठेवले आहे. कारखाना हंगामी असेल. तुटलेले बोट हंगाम संपल्यावर परत फुटत नाही.

शेतमजुराला तर यांपैकी काहीच नाही असा समज आहे, आणि तो समज पसरविणाऱ्यांचे त्यात हित आहे. ट्रॅक्टरने वा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या साधनांनी शेती करणारा मजूर नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत स्पष्टपणे आहे. मळणी यंत्रापाशी उभा असलेला माणूस कायद्याने कामगार आहे, यंत्रमालक हा मालक आहे. १९८३ मध्ये तर संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदाच केला आणि त्याचा रोख मुख्यतः मळणी यंत्रांवर होता. यंत्राच्या तोंडाशी निदान ९० सेंटिमीटर लांबीची आणि त्यातली ४५ सेंटिमीटर झाकलेली पन्हळ असावी, म्हणजे हात पात्यांपर्यंत पोचणारच नाही, असे भारतीय मानक त्याच्याही आधीचे आहे. ही पन्हळ म्हणजे काही अवकाशयान नव्हे, पत्र्याचा तुकडा आहे. भाड्याने फिरणाऱ्या किती यंत्रांना ती शाबूत आहे, हे ज्याने-त्याने आपल्या शिवारात जाऊन मोजावे. आणखी एक विसंगती: यंत्राला फिरविणारा ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा तर मोटार वाहन कायद्याने त्याचा विमा सक्तीचा. त्याला जोडलेले आणि माणसाचा हात खाणारे मळणी यंत्र मात्र कोणत्याही सक्तीच्या विम्याविना गावोगाव फिरते.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यूसाठी व दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव वा एक डोळा गेल्यास १ लाख. ती आवश्यक आहे आणि तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. एकाच यंत्रावर शेतमालकाचा हात गेला तर शासन धावते, भूमिहीनाचा गेला तर शासन विचारते, सातबारा कोठे आहे? बांधकामावर गेलेल्यांची कथा निराळी नाही. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाकडून अपंगत्वासाठी २ लाख मिळण्याची अट ७५ टक्के अपंगत्वाची. हात मनगटापासून गेला तर भरपाईच्या तक्त्यात ६० टक्के. म्हणजे एका हाताने विटा उचलण्याएवढा माणूस धडधाकट आहे असे समजायचे.

राहता राहिली संजय गांधी निराधार योजना. चाळीस टक्क्यांचा दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा या दोन फाटकांतून जो पार झाला त्याला महिन्याला अनुदान मिळते. नुसता अंगठा गेलेल्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरतेच असे नाही. जो भरला त्याला ते अनुदान टिकविण्यासाठी निराधार राहावे लागते. चार पैशांचे नियमित काम मिळाले की मर्यादा ओलांडली जाण्याची धास्ती. कामाला लागण्याची शिक्षा करणारी ही दया आहे. ज्याला समाजाने काम देणे लागत होते त्याला समाज निराधार म्हणतो आणि वर उपकाराचा आव आणतो.

आता आमच्यावर आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक लोकांकडूनही येईल. तीन एकरवाला शेतकरी स्वतः कर्जात बुडालेला, तो जखमी मजुराला कोठून हलके काम देणार? यंत्रमालकानेही यंत्र बँकेच्या कर्जावर घेतलेले. हे खरे आहे. मजुराच्या नावाने लहान शेतकऱ्याला फासावर चढवा असे म्हणणारे आम्ही नव्हे. या जिल्ह्यात तशा फासांची संख्या आधीच पुष्कळ झाली आहे. पण मालक लहान, अनेक आणि रोज बदलणारे असले म्हणजे त्यांच्यावरची जबाबदारी हवेत विरते, हे आम्ही मानीत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्येच याचे उत्तर शोधले आहे. माथाडी कायदा नेमका अशाच कामगारांसाठी झाला, ज्यांचा सकाळचा मालक एक आणि संध्याकाळचा दुसरा. नोंदणी मंडळाकडे, मजुरीवर लेव्ही, आणि भविष्यनिर्वाह निधीपासून अपघाताच्या भरपाईपर्यंत भार त्या मंडळाचा. हमालाला गुलामासारखे राबविणाऱ्या व्यापाऱ्यांनी तेव्हाही धंदा बुडेल म्हणून आकांत केला होता. धंदा बुडाला नाही.

तीच वाट मळणीच्या मजुराला मोकळी करता येईल. प्रत्येक मळणी यंत्राची नोंद तालुक्याला व्हावी, पन्हळ नसलेल्या यंत्राला नोंद मिळू नये, आणि नोंदीबरोबर मजुरांचा विमा सक्तीचा असावा. बाजारात येणाऱ्या सोयाबीनच्या पोत्यामागे एखादा रुपया खरेदीदार व्यापाऱ्याकडून आणि तेलगिरणीवाल्याकडून घ्यावा, शेतकऱ्याच्या पट्टीतून नव्हे. त्यातून जो निधी उभा राहील त्याचा पहिला उपयोग जखमींना परत कामावर आणण्यासाठी व्हावा: कृत्रिम हात बसविणे, नव्या कामाचे शिक्षण, शिकण्याच्या काळातली मजुरी. २०२४ च्या ऑक्टोबरात वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तेथे माणसाचे शरीर दुरुस्त करायला शिकविले जाईल, ही आनंदाची गोष्ट. त्या शरीराला कोणते काम झेपेल हे मजुराच्या कामाच्या जागी जाऊन पाहणारा एकजण तेथे नेमला, तर त्याच्या दाखल्याला अर्थ येईल.

कामे नाहीत, ही सबब आम्हाला मान्य नाही. बाजार समितीच्या फाटकावर आवक-नोंद असते, मापाऱ्याचे काम असते, काट्यावर पावत्या फाडायच्या असतात, गोदामांवर पहारा असतो. जिनिंगमध्ये गाठींवर क्रमांक घालणे आणि गाड्यांची नोंद ठेवणे आहे. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याची चावी फिरविणारा माणूस लागतो, आणि पंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा आदेशच आहे. रोजगार हमीच्या कामांवर पाणी पाजण्याची आणि मुले सांभाळण्याची कामे अपंग मजुरांना देण्याची रीत या महाराष्ट्राला परकी नाही. ही कामे आज कोणाला मिळतात? संचालकाच्या भाच्याला, सरपंचाच्या दोस्ताला. ज्याने त्याच आवारात मणका घालविला त्याला मिळत नाहीत. हक्काचा प्रश्न येथे आहे. हे काम कृपेने मिळालेले नको, यादीप्रमाणे मिळालेले हवे, आणि त्याची मजुरी जुन्या मजुरीहून कमी असेल तर फरक निधीने भरून द्यायला हवा. अन्यथा ‘योग्य काम’ या नावाखाली अधू माणसाला अर्ध्या दामात राबविण्याची नवी सोय मालकांना सापडेल. याबाबत आम्ही भाबडे नाही.

भांडवलशाही देशांनीही याहून अधिक केले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्यात १९९८ च्या कायद्याने जखमी कामगाराला झेपेल असे काम देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. जर्मनीत वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी राहिलेल्या कामगाराला कामावर परत कसे आणता येईल, याची बोलणी मालकाने स्वतःहून सुरू करावी लागतात. तेथील मालक साधुसंत आहेत असे नाही. तेथील संघटनांनी हा विषय सोडला नाही, एवढेच.

आणि हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर आमच्याच संघटना आहेत. बोनससाठी आपण फाटके अडविली, महागाई भत्त्यासाठी मोर्चे काढले. पण भरपाईचा धनादेश मिळाला की आपल्याही दप्तरात त्या कामगाराची फाईल बंद होते. त्याची वर्गणी थांबते, सभासदत्व संपते, १ मेच्या मिरवणुकीत तो दिसत नाही आणि तो का दिसत नाही असे कोणी विचारीत नाही. मालक त्याला कामावरून कमी करतो, आपण त्याला चळवळीतून कमी करतो. जखमी सभासदाचे सभासदत्व वर्गणीविना चालू राहील आणि त्याला काम मिळेपर्यंत त्याचे प्रकरण मिटले असे मानले जाणार नाही, एवढी दुरुस्ती घटनेत करायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

सुरुवात लहान करता येईल. पुढच्या मळणीच्या आत वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा येथील बाजार समित्यांनी आपल्या परवानाधारक हमाल-मापाऱ्यांच्या याद्या काढाव्यात. गेल्या पाच वर्षांत त्या यादीतून कोणकोणती नावे गळली, त्यांपैकी कितीजण अपघाताने किंवा शरीर थकून गेले, आणि आज ते काय करतात, हे आवारातल्या फळ्यावर, सोयाबीनच्या भावाच्या शेजारी, खडूने लिहून लावावे. समित्या हे करणार नसतील तर आमच्या कार्यकर्त्यांनी फळा आणि खडू घेऊन फाटकावर बसावे.